घरी खोललेलं स्प्लेंडरचं इंजिन पुन्हा जोडताना

गडहिंग्लजच्या एका तरुणाने विचारलंय. वडिलांची २००३ ची स्प्लेंडर धूर मारत होती, ऑइल खात होती. त्याने व्हिडिओ बघून हेड, ब्लॉक, पिस्टन घरीच काढलं. हात चालतोय म्हटल्यावर उजवीकडचं क्लच कव्हरही खोललं. ब्लॉक लेथवर देऊन ०.५० ओव्हरसाइज बोअर करून आणला (म्हणजे सिलिंडरचं भोक अर्धा मिमी मोठं केलं), पिस्टन किट आणि पॅकिंग सेट घेतला. आता सगळे बोल्ट एका डब्यात एकत्र झालेत. त्याचे प्रश्न तीन आहेत: जोडायचा क्रम काय, टॉर्क पाना (ठरलेल्या मापाच्या जोराने आवळणारा) घ्यावाच लागेल का, आणि टायमिंग चुकलं तर इंजिन फुटेल का?

क्रमाबद्दल आधी सांगतो, कारण ते एका ओळीत संपतं. खोललं त्याच्या उलटं जोडायचं. हे तुम्हालाही माहीत आहे. तुमची खरी अडचण वेगळी आहे. एक पार्ट बसवून झाल्यावर पुढचा हातात घ्यायला हरकत नाही, हे कशावरून ठरवायचं ते तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही. व्हिडिओत माणूस पिस्टन घालतो, ब्लॉक सरकवतो, हेड आवळतो आणि किक मारतो. मधे त्याने काय मोजलं, काय हाताला लागलं म्हणून थांबला, हे कॅमेऱ्यात येत नाही. गॅरेजमध्ये जोडणीला जेवढा वेळ जातो, त्यातला निम्म्याहून जास्त धुण्यात, मोजण्यात आणि क्रँक, म्हणजे पिस्टनच्या ये-जा करण्याने फिरणारा दांडा, हाताने फिरवून बघण्यात जातो. म्हणून मी क्रमापेक्षा तपासण्यांवर जास्त लिहितो.

काही गोष्टी तुमच्या इंजिनाच्या अवस्थेवर अवलंबून आहेत, त्या इथे बसून सांगता येणार नाहीत. पहिली म्हणजे खालचा भाग, क्रँक आणि बेअरिंगं. तुम्ही क्रँककेस, म्हणजे क्रँकभोवतीचं खालचं कवच, उघडलेली नाही हे चांगलं झालं. कनेक्टिंग रॉड दोन बोटांत धरा, पिस्टन ज्या दिशेने ये-जा करतो त्याच दिशेने सरळ ओढा आणि ढकला. या दिशेला खेळ अजिबात लागता कामा नये. टक् असा आवाज आला किंवा बोटाला झटका जाणवला, तर बिग एंड (रॉडचं क्रँककडचं बेअरिंग) गेलाय आणि तुमचं काम घराबाहेर गेलं. क्रँक प्रेसवर फोडून नवा रॉड बसवणं आणि नंतर तो डायलवर सरळ करणं हे मशीनवाल्याचंच काम आहे. रॉड आडवा, म्हणजे क्रँकच्या लांबीच्या दिशेने, थोडा हलतो. तो खेळ असावाच लागतो. त्याला घाबरून बरेच जण चांगला क्रँक खोलायला लावतात.

दुसरी गोष्ट बोअरिंगची. लेथवाल्याला तुम्ही पिस्टन दिला होता की नुसता ‘पॉइंट फिफ्टी कर’ असं सांगितलं? यावर बरंच अवलंबून आहे. या इंजिनाचा मूळ बोअर ५० मिमी, स्ट्रोक ४९.५ मिमी, म्हणून ते ९७.२ सीसीचं. पॉइंट फिफ्टी केल्यावर बोअर ५०.५० च्या आसपास येतो आणि इंजिन साधारण ९९ सीसीचं होतं. पण पिस्टन आणि भिंतीमधली फट फक्त दोन-चार शतांश मिमीची ठेवायची असते. दोन कंपन्यांचे ‘पॉइंट फिफ्टी’ पिस्टन मोजले तर त्यांच्यातच एखाद-दुसऱ्या शतांशाचा फरक निघतो. त्यामुळे पिस्टन समोर ठेवून, त्याचा व्यास मायक्रोमीटरने मोजून, मग त्याच्या मापाने बोअर करायचा असतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरातला चांगला बोअरिंगवाला पिस्टन आणल्याशिवाय ब्लॉक हातात घेत नाही. तुमचा ब्लॉक पिस्टन न बघता बोअर झाला असेल, तर पिस्टन आणि ब्लॉक दोन्ही घेऊन परत जा आणि बोअर डायल गेजने वर, मधे, खाली अशा तीन ठिकाणी, प्रत्येक ठिकाणी उभं-आडवं मोजून घ्या. पिस्टन मोजायचा तो स्कर्टच्या, म्हणजे खालच्या भिंतीच्या, तळाजवळ, गजन पिनच्या (पिस्टन रॉडला जोडणाऱ्या पिनेच्या) काटकोनात. डोक्याकडे मोजू नका. तिथे तो मुद्दाम बारीक केलेला असतो, कारण जळण तिथे होतं आणि गरम होऊन तोच भाग जास्त फुगतो.

आता धुणं. जे लोक घरी पहिल्यांदा इंजिन बांधतात त्यांचं इंजिन हजार-दोन हजार किलोमीटरमध्ये पुन्हा धूर का मारायला लागतं, याचं सर्वांत मोठं कारण माझ्या अनुभवात हेच आहे. होनिंगच्या, म्हणजे बोअर आतून घासून चरे पाडण्याच्या, दगडाची बारीक कणी बोअरच्या त्या तिरप्या चरांमध्ये रुतून बसते. पेट्रोल किंवा रॉकेल मारलं की ऑइल निघून जातं आणि बोअर चकचकीत दिसतो, पण कणी तिथेच राहते. ती निघते गरम पाण्याने आणि भांडी धुण्याच्या साबणाने, प्लास्टिकच्या ब्रशने घासून. घासून, धुऊन, लगेच कोरडं करा. मग पांढऱ्या सुती फडक्यावर थोडं इंजिन ऑइल घेऊन बोअर आतून पुसा. फडकं राखाडी झालं तर पुन्हा साबण. पुसल्यावर फडकं पांढरंच राहीपर्यंत हे चालू ठेवायचं. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरांना मी फडकं दाखवल्याशिवाय पिस्टन हातात देत नाही. धुतलेल्या बोअरवर लगेच ऑइलचा हात फिरवा, नाहीतर पावसाळी हवेत तासाभरात गंज धरतो.

धुऊन झाल्यावर रिंगा पिस्टनवर चढवायच्या आधी त्यांचा गॅप मोजा. रिंग नुसती बोअरमध्ये घाला, पिस्टनच्या डोक्याने थोडी आत ढकला म्हणजे ती सरळ बसेल, आणि तिच्या दोन टोकांमधल्या फटीत फीलर गेजची पाती घालून बघा. या आकाराच्या बोअरला नव्या रिंगेचा गॅप साधारण ०.१० ते ०.३० मिमीच्या दरम्यान येतो. ०.५० च्या पुढे गेला तर रिंग चुकीच्या साइजची आहे किंवा बोअर मोठा झालाय. अजिबात गॅप नसेल तर त्याहून वाईट, कारण गरम झाल्यावर टोकं एकमेकांना भिडतात आणि रिंग भिंतीत रुतते. फीलर गेज दोनशे रुपयांच्या आसपास येतो आणि पुढे टॅपेटलाही (व्हॉल्व्हवरची फट ठरवणाऱ्या स्क्रूला) तोच लागतो. तुमच्या सगळ्या खरेदीत याच्याइतकी कामाची दुसरी वस्तू नाही.

बोल्टांच्या डब्याकडे वळू. हे ऐकायला किरकोळ वाटतं, पण याच ठिकाणी चांगल्या केसी फुटतात. क्लच कव्हरचे बोल्ट सगळे ६ मिमीचे, डोकं सारखं, लांबी मात्र वेगवेगळी. लांब बोल्ट आखूड जागी गेला तर तो भोकाच्या तळाला टेकतो. पाना ‘घट्ट झालं’ असं सांगतो, पण कव्हर दाबलेलंच नसतं. आणखी जोर लावला की ॲल्युमिनियमचा कान तडकतो. आखूड बोल्ट लांब जागी गेला तर तो दोन-तीन आट्यांवरच धरतो आणि आटे सोबत घेऊन बाहेर येतो. आता ओळखायचं कसं? कव्हर नव्या पॅकिंगसकट जागेवर धरा आणि सगळे बोल्ट न फिरवता नुसते भोकांत सोडा. बरोबर बसलेल्या प्रत्येक बोल्टचं डोकं कव्हरपासून सारख्याच उंचीवर राहतं, साधारण एक सेंटिमीटर, म्हणजे जेवढे आटे आत जायचे आहेत तेवढं. एखादा उंच उभा राहिला किंवा एखादा पार बुडाला, की त्या दोघांची अदलाबदल करा. पाचेक मिनिटांत डबा रिकामा होतो. पुढच्या वेळी खोलताना खोक्याच्या पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढा, भोकं पाडा आणि जो बोल्ट जिथून निघाला तिथेच खोचून ठेवा.

बोल्ट घालण्याआधी भोकांत फुंकर मारा किंवा कापडाची वात घालून बघा. आंधळ्या भोकात ऑइल साचलेलं असेल तर बोल्ट खाली येताना त्या ऑइलला जायला जागा नसते आणि दाबाने केस आतून फुटते. जुन्या पॅकिंगचे तुकडे खरवडताना स्क्रूड्रायव्हर वापरू नका. पॅकिंगची बाजू ही सपाटीवर सील होते आणि एक ओरखडा कायमचा ऑइल गळत ठेवतो. जुन्या पात्याने, आडवं धरून, थोडं थिनर लावून हळू काढा. सिलिकॉनचा मोह टाळा. कागदी पॅकिंगला ते लागत नाही, हेडच्या धातूच्या पॅकिंगला तर नाहीच. आत दाबून निघालेली सिलिकॉनची मणी सुटून ऑइलच्या जाळीवर जाऊन बसते, आणि मग वर कॅमपर्यंत, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यापर्यंत, ऑइल पोहोचत नाही.

क्लचची बाजू आधी संपवा, कारण ती सोपी आहे आणि उघडीच पडली आहे. या इंजिनात कागदी ऑइल फिल्टर नसतो. क्रँकच्या उजव्या टोकावर फिरणारा सेंट्रिफ्यूगल फिल्टर आणि खाली जाळी, एवढंच. फिल्टरचं झाकण काढलंत तर आतल्या भिंतीला काळा, मेणासारखा थर दिसेल. तो खरवडून पूर्ण साफ करा, जाळी धुवा. क्लचच्या खाचेच्या नटाला त्याचा खास सॉकेट मिळतो, तो आणाच. छिन्नी-हातोडीने ठोकून आवळलेला नट सुटला की क्लच बास्केट आणि कव्हर दोन्ही जातात. कव्हर लावण्याआधी दोन्ही डॉवेल पिना (कव्हर नेमकं जुळवणाऱ्या) जागेवर आहेत ना, आणि किक शाफ्टवरचा पातळ वॉशर शाफ्टवरच आहे ना, हे बघा. तो वॉशर ऑइलमुळे कव्हरला आतून चिकटून निघतो आणि कव्हर धुताना नाहीसा होतो. नंतर किक अडखळली की लोक स्प्रिंग बदलत बसतात.

आता पिस्टन. क्रँककेसच्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबा, चारी बाजूंनी. हे फडकं गजन पिनच्या लॉकसाठी. लॉक हातातून उडणारच आहे, तो केसमध्ये पडू द्यायचा नाही एवढंच आपल्या हातात असतं. जुने लॉक परत वापरू नका, आणि नव्याचं उघडं तोंड पिस्टनच्या खाचेसमोर येऊ देऊ नका. बसवल्यावर टोकाने जरा फिरवून बघा. खोबणीत पूर्ण बसलेला लॉक दाबून धरल्यासारखा जड फिरतो. अर्धवट बसलेला लॉक चालू इंजिनात निघाला तर बोअरला उभी खोल चर पडते आणि ओव्हरसाइजचा सगळा खर्च पुन्हा करावा लागतो.

पिस्टनच्या डोक्यावरची ‘इन’ ही खूण इनलेट व्हॉल्व्हच्या, म्हणजे कार्बोरेटरच्या बाजूला. स्प्लेंडरचा ब्लॉक जवळजवळ आडवा असतो, कार्बोरेटर वर आणि सायलेन्सर खाली, म्हणून गाडीत ही खूण वरच्या अंगाला येते. व्हॉल्व्हसाठीच्या खाचा डोक्यावर सारख्या नसतात, त्यामुळे उलटा बसवलेला पिस्टन व्हॉल्व्हला भिडू शकतो. रिंगांमध्ये आधी तळाची ऑइल रिंग: मधली जाळीदार स्प्रिंग, मग वर-खाली दोन पातळ पट्ट्या. स्प्रिंगची टोकं समोरासमोर टेकली पाहिजेत, एकावर एक चढलेली चालत नाहीत. चढलेल्या टोकाने बसवलेली ऑइल रिंग पहिल्या दिवसापासून धूर काढते. वरच्या दोन रिंगांवर बारीक अक्षर असतं, ते आकाशाकडे, म्हणजे पिस्टनच्या डोक्याकडे. तिन्ही गॅप एकमेकांपासून साधारण १२० अंशांवर ठेवा, आणि एकही गॅप गजन पिनच्या रेषेत नको.

ब्लॉकच्या खालच्या तोंडाला आतून चँफर, म्हणजे तिरपी कड, दिलेला असतो, त्यामुळे रिंगा बोटांनी दाबून आत जातात. यासाठी कॉम्प्रेसर क्लॅम्पची गरज नाही. पिस्टन आणि बोअरला ऑइल लावा, डॉवेल आणि खालचं पॅकिंग बघा, आणि ब्लॉक हलवत-हलवत सरकवा. अडकला तर ठोकू नका. अडकतंय म्हणजे एक रिंग खोबणीबाहेर आहे. मागे घ्या, बघा, पुन्हा. टायमिंग चेन ब्लॉकच्या बोगद्यातून वर घेऊन तारेने बांधून ठेवा. ब्लॉक बसला की तो हाताने दाबून धरून, चेन ताणून धरून, क्रँक हळूहळू फिरवा. इथे पिस्टन वर-खाली एकसारख्या जडपणाने जायला हवा. कुठे एका जागी आवळतोय असं वाटलं तर थांबा आणि कारण शोधा. चेन सैल सोडून क्रँक फिरवलात तर ती खाली गोळा होऊन छोट्या स्प्रॉकेटमध्ये अडकते, हेही लक्षात ठेवा.

हेड बसवण्याआधी एक तपासणी घरच्या घरी होते. हेड उलटं, सपाट धरा, प्लग लावा, आणि ज्वलनकक्षाच्या खोलगट भागात थोडं पेट्रोल ओता. पाच मिनिटं वाट बघा. इनलेटच्या किंवा एक्झॉस्टच्या तोंडातून ओल आली तर तो व्हॉल्व्ह सील होत नाही. मग व्हॉल्व्ह सीटवर घासून बसवायची लॅपिंग पेस्ट, आधी जाड, मग बारीक, आणि सीटवर सगळीकडून सारखी राखाडी पट्टी येईपर्यंत. नंतर ती पेस्टही साबणाने धुवायची, तिची कणी होनिंगच्या कणीची सख्खी बहीण आहे. व्हॉल्व्हच्या दांड्याचे रबरी सील नवीन टाका. रिंगा बदलूनही सकाळी पहिल्या किकला निळा धूर येतो तो बहुतेक वेळा या सीलमुळे, आणि ते पॅकिंग सेटसोबत किंवा सुटे अगदी कमी पैशांत मिळतात. पेट्रोलने ही तपासणी उघड्यावर करा, जवळ शेगडी, देवघरातला दिवा, सिगारेट काहीही नको.

आता टायमिंग, ज्याची तुम्हाला सर्वांत जास्त धास्ती आहे. डावीकडच्या मॅग्नेटवर, म्हणजे क्रँकच्या टोकावरच्या चाकावर, दोन अक्षरं आहेत, ‘एफ’ आणि ‘टी’, एकमेकांजवळच. ‘एफ’ ही ठिणगी पडण्याची खूण आहे, ‘टी’ म्हणजे पिस्टन अगदी वर. आपल्याला ‘टी’ हवी. ती केसवरच्या खुणेसमोर आणा. डावीकडून बघताना इंजिन घड्याळाच्या काट्याच्या उलट दिशेने फिरतं, नेहमी त्याच दिशेने फिरवा. खूण जराशी पुढे गेली तर मागे आणू नका, पुन्हा एक फेरा घ्या, म्हणजे चेनचा ताण एकाच बाजूला राहतो. मग कॅमच्या स्प्रॉकेटवरची गोल ‘ओ’ खूण हेडवरच्या खाचेसमोर धरून चेन चढवा आणि स्प्रॉकेटचे बोल्ट लावा. या वेळी कॅमचे उंचवटे पिस्टनच्या दिशेला तोंड करून असतात आणि दोन्ही रॉकर (कॅमच्या जोराने व्हॉल्व्ह दाबणारे हात) सैल लागतात.

इथे बरेच जण एका शंकेत अडकतात: पिस्टन वर आलाय तो कॉम्प्रेशनचा की एक्झॉस्टचा? चेन उतरवलेली असताना हा प्रश्नच नसतो. क्रँक प्रत्येक फेऱ्यात एकदा वर येतो, आणि कोणता फेरा कॉम्प्रेशनचा हे कॅम ठरवतो. कॅम तुम्ही योग्य खुणेवर ठेवलात की हाच कॉम्प्रेशनचा झाला. ठिणगी तर सीडीआय, म्हणजे ठिणगीचं इलेक्ट्रॉनिक युनिट, दर फेऱ्याला देतेच, त्यामुळे तिथेही घोळ नाही.

चूक होते ती एका दात्याची. कॅमच्या स्प्रॉकेटचा एक दाता म्हणजे क्रँकचे वीस-पंचवीस अंश. चेनची एक बाजू सैल राहिली की ‘ओ’ खाचेच्या जराशी बाजूला थांबते, आणि माणूस ‘एवढं चालतंय’ म्हणून पुढे जातो. एवढं चालत नाही. एक दाता चुकला की गाडी एकतर चालूच होत नाही, किंवा होते आणि ओढत नाही, सायलेन्सर किंवा कार्बोरेटरमधून फटाके वाजतात. जास्त चुकलं तर व्हॉल्व्ह पिस्टनला टेकतो. तुमच्या ‘फुटेल का’ला माझं उत्तर असं: हाताने फिरवलंत तर फुटणार नाही, किकने फिरवलंत तर व्हॉल्व्ह वाकू शकतो. म्हणून चेन ताणून धरणारा टेन्शनर लावा, प्लग काढलेला ठेवा, आणि मॅग्नेटच्या नटाला पाना लावून क्रँक पूर्ण दोन फेरे हळू फिरवा. दोन फेऱ्यांत कॅमचा एक फेरा होतो आणि ‘टी’ व ‘ओ’ दोन्ही खुणा पुन्हा आपापल्या जागी यायला हव्यात. मधे कुठे धातूवर धातू टेकल्यासारखं कठीण थांबलं, तर जोर लावू नका, तिथेच थांबा. रबरासारखा वाढत जाणारा जडपणा म्हणजे व्हॉल्व्हची स्प्रिंग, तो ठीक.

टॅपेट थंड इंजिनावर, याच ‘टी’च्या जागेवर, दोन्ही रॉकर सैल असताना. फट किती ते तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये बघूनच ठेवा. पात ओढताना हलकी घासणी जाणवावी. आवाज नको म्हणून टॅपेट आवळून ठेवायची सवय आपल्याकडे फार आहे, आणि ती वाईट आहे. सैल टॅपेट टकटक करतो, लक्षात येतो, नीट करता येतो. आवळलेला टॅपेट शांतपणे व्हॉल्व्ह थोडा उघडा ठेवतो, गरम वायू सीटवरून निसटत राहतात आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड जळते.

टॉर्क पाना घ्यावा का? हेडच्या नटांसाठी आणि कॅम स्प्रॉकेटच्या बोल्टांसाठी, हो. पण गाडीच्या चाकांचा मोठा पाना आणू नका. त्याची मापं या कामाच्या फार वर सुरू होतात, आणि खालच्या टोकाला तो विश्वासाचा नसतो. ५ ते २५ न्यूटन-मीटरचा छोटा पाना लागतो. विकत घेणं परवडत नसेल तर ओळखीच्या गॅरेजमधून एका दुपारपुरता मागा, लोक देतात. ६ मिमीच्या साध्या कव्हर बोल्टला १० ते १२ न्यूटन-मीटर पुरे होतं. हाताने करायचं झालं तर टी-पाना मधोमध धरून मनगटाने आवळायचा, दांड्याच्या टोकाला धरून खांद्याचा जोर लावायचा नाही. हेडचे चार नट मात्र अंदाजावर सोडू नका. समोरासमोरचे, आळीपाळीने, तीन टप्प्यांत: आधी नुसते टेकवून, मग अर्ध्या मापाला, मग पूर्ण. एकच कोपरा आधी पूर्ण आवळला तर हेड किंचित तिरकं बसतं आणि पॅकिंग एका बाजूने फुंकतं. चार स्टडपैकी ज्याच्या भोवतीने ऑइल वर चढतं, तिथला वॉशर आणि टोपीचा नट जिथला तिथेच गेला पाहिजे, नाहीतर त्याच नटातून ऑइल पाझरतं. आणि एखाद्या भोकात आटे गेलेले असतील, बोल्ट फिरतोय पण घट्ट होत नाही, तर टेफ्लॉन टेप किंवा एम-सील लावून वेळ मारून नेऊ नका. हेलिकॉइल, म्हणजे स्टीलच्या आट्यांची गुंडाळी, बसवून घ्या. लेथवाला करून देतो, आणि स्टीलचे आटे मूळ ॲल्युमिनियमपेक्षा टिकाऊ होतात.

खालची केसच बदलायची वेळ आली असती तर एक वेगळा भाग जोडला गेला असता. इंजिन नंबर केसवर असतो, त्यामुळे केस बदलली की आरटीओत नोंद करणं आलं. तुमच्या बाबतीत नाही, पण कुणी ‘दुसरी केस स्वस्तात देतो’ म्हणालं तर हे माहीत असू द्या.

पहिली किक मारायची घाई करू नका. नवं ऑइल भरा, ग्रेड मॅन्युअलप्रमाणे, आणि डब्यावर जासो एमए (ऑइलमध्ये चालणाऱ्या क्लचसाठीचा दर्जा) लिहिलेलं असावं, कारण क्लच याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. नेहमीच्या बदलीपेक्षा थोडं जास्त जाईल, कारण आतून सगळं कोरडं आहे. प्लग कॅपमध्ये घालून हेडच्या पंखीला टेकवून ठेवा, म्हणजे ठिणगीला वाट मिळते आणि सीडीआयवर ताण येत नाही. प्लगच्या भोकापासून पेट्रोलची वाफ लांब राहील असं बघा, पेट्रोलचा कॉक बंद ठेवा. मग वीस-पंचवीस किक शांतपणे मारा आणि वरच्या टॅपेटचं झाकण काढून आत बघा. रॉकरवर नवं ऑइल ओलसर दिसलं पाहिजे. दिसेपर्यंत इंजिन चालू करायचं नाही. दिसलंच नाही तर जाळी, पंप, ऑइलच्या वाटेतली ओ-रिंग, या क्रमाने शोधा.

चालू झाल्यावर पहिली काही मिनिटं निळसर धूर येईल, तो जोडताना लावलेल्या ऑइलचा. घाबरून बंद करू नका, पण रेसही देऊ नका. आयडलिंगच्या जरा वर, पाचेक मिनिटं, कान देऊन. मग बंद करून पूर्ण थंड होऊ द्या. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनावर टॅपेट पुन्हा तपासा आणि बाहेर कुठे ओल आली आहे का ते बोट फिरवून बघा.

पहिल्या पाचशे किलोमीटरबद्दल दोन टोकाची मतं आहेत, हळूच चालवा आणि सुरुवातीपासून ओढा. मी मधली वाट सांगतो. सतत एकाच वेगाने चालवू नका. वेग वाढवा, मग थ्रॉटल सोडून उतरू द्या, पुन्हा वाढवा. थ्रॉटल दिल्यावर वायूचा दाब रिंगा बाहेर ढकलतो आणि त्या भिंतीवर बसतात. नुसतं रांगत चालवलं तर भिंत गुळगुळीत होते आणि रिंगा बसतच नाहीत. पण पूर्ण थ्रॉटल नको, दोघं बसून घाट नको, आणि टॉप गिअरमध्ये वेग मरत असताना ओढत राहणं तर अजिबात नको. तुमच्या भागात आंबोलीचा घाट जवळ आहे, तिकडे महिनाभर जाऊ नका. पहिलं ऑइल मी दोनशे किलोमीटरच्या आसपासच बदलतो. निघालेलं ऑइल पांढऱ्या भांड्यात उन्हात धरून बघा. चांदीसारखी बारीक चमक असणारच, ती रिंगा बसल्याची. कणी हाताला लागली किंवा पापुद्रे दिसले तर गाडी थांबवून खोलायची.

आता उद्या काय करायचं ते सांगतो. ब्लॉक साबणाने धुवा, रिंगेचा गॅप मोजा, रॉड ओढून बघा, आणि कव्हरचे बोल्ट भोकांत सोडून त्यांची उंची लावा. हे चारही काम पाना न फिरवता होतात. गॅपचा आकडा आणि बोअर करताना लेथवाल्याकडे पिस्टन होता की नव्हता एवढं कळवा. ०.५० च्या पुढचा गॅप निघाला तर काही जोडू नका, आधी तो ब्लॉक पुन्हा मोजून घ्यावा लागेल.